पायाखालची पंचवीस वर्षं

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. सोसायटीची नोंदणी, पहिली कार्यकारिणी, कन्व्हेयन्ससाठी मारलेल्या चकरा, लिफ्टचं रामायण यांवर जाणकार मंडळी लिहिणार आहेतच. मी फरशीवर लिहिते म्हटलं, तर आपले सेक्रेटरी हसले. "मॅडम, फरशीला कसला आलाय इतिहास?"

आहे. आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती या निमित्ताने लेखी कबूल करायची आहे.

माझं लहानपण भांडी बाजाराजवळच्या एका वाड्यात गेलं. तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मातीची जमीन होती. मुरूम-माती पसरून धुम्मसने चोपलेली आणि वरून शेणाने सारवलेली. आई ओणवी होऊन हाताने अर्धगोल काढत सारवत मागे मागे सरकायची. वाळेपर्यंत आम्ही पोरं ओट्यावर. त्या जमिनीची स्वच्छता आणि दुरुस्ती एकाच वेळी व्हायची. पोपडा निघाला, की पुढच्या सारवणात तो बुजायचा. स्वयंपाकघरात मात्र शहाबादी फरशी होती.

सप्टेंबर १९६९ मध्ये गोदावरीला महापूर आला. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे आसरा घेतला. पाणी ओसरल्यावर खाली आलो, तर मातीची जमीन जवळजवळ वाहून गेलेली आणि सगळीकडे चिखल. स्वयंपाकघरातला गाळ मात्र खराट्याने लोटला, चार बादल्या पाणी ओतलं आणि खालून फरशी जशीच्या तशी निघाली. पुढच्या वर्षी मालकांनी दोन्ही खोल्यांत शहाबादी टाकली. आईचं सारवण सुटलं, ओल्या फडक्याने पुसणं सुरू झालं.

आता मोठा झाल्यावर पडलेला प्रश्न. नाशिकला दगडाची काय कमी? काळाराम मंदिर पाहा, गोदेचे घाट पाहा, सगळा काळा पाषाण. मग फरशी परगावाहून का आणायची? कारण आपला दगड ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा, बसाल्ट. घडवला तर शतकं टिकतो, पण पापडासारखा थराथराने सुटत नाही. शहाबादचा दगड चुनखडीचा आहे आणि थरांमध्ये जमलेला आहे. पहार घातली, की लादी सुटते. शहाबाद आज कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आहे, तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. गाव मुंबई-मद्रास रेल्वेमार्गावर पडलं, त्यामुळे तिथल्या लाद्या लांबलांबच्या गावांत पोचल्या. काळा कडप्पा आंध्रातला, हिरवट कोटा राजस्थानातला. हे तिघंही चुनखडीचेच भाऊबंद. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रीमंतांच्या आणि साहेबांच्या इमारतींत वेगळा प्रकार होता. मुंबईच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून बोटीने आणलेल्या नक्षीदार टाइल्स आहेत. या परदेशी मालाला देशी पर्याय हवा म्हणून १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनी सुरू केली. पहिला कारखाना उरणला होता. सिमेंटच्या टाइल्स बनवणं हासुद्धा त्या काळी स्वदेशीचाच एक भाग होता. पुढे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून दाबलेली मोझॅक टाइल गावोगावच्या कारखान्यांत होऊ लागली आणि मध्यमवर्गाच्या घरात आली. मिस्त्री ती बसवायचे, मग पॉलिशचं मशीन दोन-दोन दिवस घरघरत राहायचं आणि पांढरा राडा दारातून वाहायचा. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड घालून चमक आणायचे.

आपली इमारत २००० सालची. जुन्या सभासदांना आठवत असेल, घरात मोझॅक, स्वयंपाकाच्या ओट्याला कडप्पा आणि जिन्याला कोटा असा करार होता. ज्यांनी जादा पैसे भरले त्यांच्याकडे सिरॅमिक टाइल आली. तिला तेव्हा सगळे 'स्पार्टेक'च म्हणायचे, मग कंपनी कुठलीही असो. नंतर मोरबीची व्हिट्रिफाइड आली आणि निम्म्या घरांतली मोझॅक तिच्याखाली गाडली गेली. जिना मात्र पहिल्या दिवसापासून तोच आहे.

आता माझी चूक. २००९ मध्ये मी कार्यकारिणीवर होते. गणपतीच्या आधी जिन्याला रंग दिला आणि पायऱ्यांवर डाग पडले. ठेकेदार म्हणाला, "ॲसिड मारून घ्या, एका दिवसात लख्ख." बाजारात मिळणारं हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. चुनखडीवर ते पडलं की फसफसतं. कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो आणि दगड विरघळतो. हा प्रयोग मी बावीस वर्षं नववी-दहावीच्या मुलांना करून दाखवला होता. तरी उत्सव तोंडावर आला होता म्हणून मी होकार दिला.

पायऱ्या फसफसल्या. डाग गेले, पण त्यांच्याबरोबर पॉलिशही गेलं. कोटा पांढुरका आणि खरखरीत झाला. खरखरीत दगड धूळ धरून ठेवतो, म्हणून जिना पूर्वीपेक्षा लवकर मळायला लागला. मग पुन्हा ॲसिड, असं आणखी दोनदा झालं.

चौथ्या वेळी जिना झाडणाऱ्या मावशी माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "ताई, तेवढं पाणी नका ना टाकायला सांगू. रात्री पाय चरचरतात, भाकरी थापताना हात झोंबतात." तळहात पुढे केले. बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली होती. शाळेत मी मुलांना ॲसिडच्या बाटलीला हात लावू देत नव्हते आणि इथे मावशी चपलेशिवाय त्यात उभ्या राहत होत्या. त्यांना हातमोजेसुद्धा आपण दिले नव्हते.

त्या महिन्याच्या सभेत मी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. जिन्याला ॲसिड बंद, मावशींना गमबूट आणि हातमोजे सोसायटीच्या खर्चाने, पायऱ्यांना मशीन पॉलिश. आज जिन्यावर जी थोडीफार चमक दिसते, ती त्या पॉलिशची आहे.

२०२० मध्ये करोनाच्या दिवसांत आपण जिन्यावर सोडियम हायपोक्लोराइट फवारायचो. एकदा कुणीतरी स्वच्छतेच्या उत्साहात त्याच बादलीत संडास साफ करायचं ॲसिड ओतलं. या दोन्हींचा संयोग झाला की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. दोघांना जोराचा ठसका लागला. जिन्याच्या खिडक्या उघड्या होत्या म्हणून निभावलं. ब्लीचिंग पावडरचंही तसंच. ॲसिडशी कधीही एकत्र करू नका.

इतिहासातून उपयोगी पडेल तेवढं सांगते. शहाबादी, कोटा, कडप्पा, संगमरवर आणि मोझॅक या सगळ्यांचा वैरी ॲसिड आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगरसुद्धा सांडलं तर लगेच पुसा. व्हिट्रिफाइड टाइल फारसं पाणी पीत नाही, पण तिचे सांधे सिमेंटचे असतील तर ॲसिड तेच आधी खातं. साबण जास्त झाला तर चिकट थर राहतो आणि त्यावर पाय उमटतात. आधी कोरडा केर नीट काढावा, कारण वाळूचे कण पायाखाली घासून दगडाला ओरखडे पाडतात. मग बादलीत थोडासा सौम्य साबण घालून पुसावं आणि शेवटचा हात नुसत्या पाण्याचा मारावा. तो बोअरच्या पाण्याचा असेल तर वाळल्यावर पांढरट दिसतं, म्हणून शक्यतो नळाच्या पाण्याचा.

यंदा रौप्यमहोत्सवानिमित्त जिन्याचा कोटा उखडून चकचकीत ग्रॅनाइट बसवावं, असा प्रस्ताव वार्षिक सभेपुढे येणार आहे. माझा त्याला विरोध आहे, तो इथेच नोंदवते. आपल्या पायऱ्या झिजलेल्या नाहीत, त्या आपणच खराब केल्या आहेत. पुन्हा एकदा घासून मशीन मारलं तर त्या सहज आणखी पंचवीस वर्षं जातील. शिवाय २००० साली धावत जिना चढणारे आपण आता कठडा धरून उतरतो. चकचकीत ग्रॅनाइटवर पावसाळ्याचं पाणी सांडलं, तर कुणाचं तरी खुब्याचं हाड ठरलेलं.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं, तेही सुचवते. पहिल्या कुटुंबाने सामान वर चढवलं त्या दिवसापासून मावशी हा जिना झाडताहेत. म्हणजे रौप्यमहोत्सव त्यांचाही आहे. समारंभात शाल-श्रीफळ द्याच, पण त्यांच्या पगाराचा विषयही त्याच सभेत घ्या.

सभेला अवश्य या. येताना जिन्याने या आणि एकदा पायाखाली पाहा.