कादंबरी अर्ध्यावर थांबते तेव्हा

मंडळी, अर्धवट राहिलेल्या कादंबरीचं दुखणं आमच्या पिढीला चांगलंच ठाऊक आहे. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची वाट बघण्यात माझं अख्खं कॉलेज संपलं. रॉबर्ट जॉर्डन तर २००७ साली मालिका अपुरी ठेवूनच गेला. त्याची टिपणं हाताशी धरून ब्रँडन सँडरसननं २०१३ पर्यंत ती पुरी केली. मग वाचकांचे वाद सुरू... हे मूळ लेखकाचं आणि हे पदरचं!

पण हा वाद आपल्याकडे तेराशे वर्षं जुना आहे. आपण मराठीत ज्या शब्दानं 'नॉव्हेल' म्हणतो, तो शब्दच एका अर्धवट राहिलेल्या अद्भुत कथेचं नाव आहे. हर्षवर्धनाच्या (राज्यकाळ ६०६ ते ६४७) दरबारातल्या बाणभट्टाची 'कादंबरी'. हिंदीवाले उपन्यास म्हणतात, गुजराती नवलकथा. आपण आणि कन्नड मंडळींनी मात्र थेट नायिकेचंच नाव उचललं.

गोष्ट अशी. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या बोलका पोपट घेऊन येते. पोपटाचं नाव वैशंपायन. पोपट सांगतो जाबाली ऋषींची गोष्ट, ऋषी सांगतात चंद्रापीड राजपुत्राची, त्यात महाश्वेता सांगते आपल्या मेलेल्या प्रियकराची, पुंडरीकाची. फंक्शनच्या आत फंक्शन, आणि एकही अजून रिटर्न झालेलं नाही. चंद्रापीड कादंबरीच्या प्रेमात पडतो, बापाचं पत्र येतं म्हणून उज्जैनला परततो. मागाहून पत्रलेखा कादंबरीचा निरोप घेऊन येते, आणि तो निरोप सांगता सांगता बाणभट्ट थांबतो. कायमचा.

पुढचं पुरं केलं त्याच्या मुलानं, भूषणभट्टानं. तो सुरुवातीलाच सांगतो की कवी म्हणून मिरवायला नाही, कथा तुटल्याचं लोकांना वाईट वाटतंय म्हणून लिहितोय. बी वडिलांनीच पेरून ठेवलं होतं.

आता हे खरं की नम्रपणा? मी पूर्वभाग संपवून तिथेच पुस्तक मिटलं आणि तपासायला बसलो. शेवट काय आहे हे कुणालाही माहीत असतं म्हणा, तेराशे वर्षांत गुपित कसलं राहतंय! पोपट म्हणजे पूर्वजन्मीचा पुंडरीक, आणि शूद्रक म्हणजे चंद्रापीड.

याच गोष्टीचं दुसरं रूप अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. नावं वेगळी, सांगाडा तोच. पण तिथे मेलेला मुनिकुमार पुढच्या जन्मी पोपट होत नाही, राजा होतो! पोपट निघतो नायिकेचा बाप. म्हणजे ही अदलाबदल बाण-घराण्यातली. बापाची की लेकाची?

माझ्या मते बापाची. पुरावा पूर्वभागातच आहे. चंद्रापीडाच्या मित्राचं, म्हणजे प्रधानाच्या मुलाचं नावही वैशंपायनच ठेवलंय. शिवाय जाबाली पोपटाकडे बघून म्हणतात की हा स्वतःच्याच आगळिकीचं फळ भोगतोय. पोपट हाच तो मित्र, हे बाणानं पहिल्या काही पानांतच ठरवलं होतं. भूषणभट्टावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र अडली. ती चांडाळकन्या कोण? सोमदेवाकडे पोपट आणणारी मुलगी म्हणजे शापित नायिकाच. पूर्वभागात तसा स्पष्ट धागा मला काही सापडला नाही.

त्या शनिवारी मी केंदूरला होतो. संत कान्होराज पाठकांचं हे गाव, चातुर्मासात पोथी ऐकत मोठी झालेली आमची आजी. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' तिनं इतक्यांदा ऐकलाय की अभिमन्यू मरणार हे माहीत असूनही दरवेळी चक्रव्यूहापाशी चुकचुकते. तिला रात्री बाणाचा अर्धा भाग सांगितला. शेवट सांगितला नाही मुद्दाम. विचारलं, "आज्जे, ती पोरगी कोण असंल?"

"त्याची आय आसंल," आजी सुपारी कातरत म्हणाली. "लेकरू चुकलं म्हणून पिंजऱ्यात घालून कोण हिंडवतंय रं? आयच की."

भूषणभट्टानं नेमकं हेच लिहिलंय. ती चांडाळकन्या म्हणजे लक्ष्मी, पुंडरीकाची आई. आता हे बापानं पेरलेलं, की नुकताच पोरका झालेल्या मुलाला सुचलेलं? माझं मत दुसरीकडे झुकतंय. असो, उत्तरभाग आजच उघडलाय.