फाल्गुनातला चंद्र आणि आमचा उपवासकाळ



३० मार्च २०२४ हा दिवस आम्ही विसरलेलो नाही. पवित्र शनिवार होता. रात्रीच्या जागरणासाठी चर्चच्या अंगणात नव्या अग्नीची लाकडे रचण्याचे काम चालले होते. नेमकी त्याच दिवशी रंगपंचमी होती. दुपारी धर्मशिक्षण वर्गातली एक मुलगी वाचनाच्या सरावाला आली, ती केसांत गुलाल आणि दोन्ही गालांवर हिरवा रंग घेऊन. शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठले, असे ती हसत सांगत होती. तेवढ्यात आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी तिला सगळ्यांसमोर सुनावले, "प्रभू कबरेत आहे आणि तू रंग खेळतेस?" आम्ही तिथेच उभे होतो. मध्ये पडलो नाही. "घरी जाऊन तोंड धुऊन ये," एवढेच म्हणालो. ती गेली, ती रात्री आलीच नाही.

त्यात आमचे दुहेरी नुकसान झाले. आमच्या धर्मग्रामात सारी उपासना हिंदीत होते, आणि ते योग्यच आहे, कारण बहुतेकांची भाषा तीच. मराठी घरे मोजकी. कुणाचे आजोबा बिर्लानगरच्या जियाजीराव कॉटन मिलमध्ये नोकरीला लागले म्हणून आले, कुणाचे रेल्वेत. बऱ्याच विनवण्यांनंतर त्या वर्षी जागरणातले एक वाचन मराठीत करायची परवानगी मिळाली होती आणि ते वाचू शकेल अशी एकच मुलगी होती. आजीजवळ बसून बाराखडी शिकलेली. ते वाचन मग दुसऱ्या कोणीतरी हिंदीत केले.

वडीलधारे चुकले की मुलगी, यावर आमच्यात महिनाभर वाद झाले. आम्हांला मात्र दुसराच प्रश्न पडला. ग्वाल्हेरसारख्या गावात आपल्या आधीच्या ख्रिस्ती माणसांनी या दिवसांत काय केले असेल? त्या निमित्ताने जे वाचले, ते इथे मांडतो.

आधी तारखांचा हिशेब. ३२५ साली निकाया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सर्व ख्रिस्तसभेने ईस्टर एकाच रविवारी पाळावे असे ठरवले. त्यातून रूढ झालेला नियम असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या चैत्राची असते, म्हणजे हनुमान जयंतीची. पण एखाद्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमाच २१ मार्चच्या सुमारास किंवा नंतर आली, तर होळीचा आणि ईस्टरचा चंद्र एकच होतो. (चर्चची पौर्णिमा कोष्टकावरून काढतात, तिच्यात आणि आकाशातल्या चंद्रात एखाद्या दिवसाचा फरक पडतो. वर्गातल्या एका पोराने यावरून आम्हांला पकडले आहे.)

आता बोटे मोजा. चंद्र चैत्राचा असेल तर होळी ईस्टरच्या ३० ते ३७ दिवस आधी येते. राखेचा बुधवार ४६ दिवस आधी असतो. चंद्र फाल्गुनाचा असेल तर होळी थेट पवित्र सप्ताहात येते. म्हणजे कोणतेही साल घ्या, शिमगा आपल्या उपवासकाळातच पडणार. २००८ मध्ये शुभ शुक्रवारी, २१ मार्चच्या रात्री होळ्या पेटल्या आणि पवित्र शनिवारी धुळवड झाली. २०१६ मध्ये धुळवड पवित्र गुरुवारी, २४ मार्चला होती. २०२४ मध्ये झावळ्यांच्या रविवारी रात्री होळी आणि शनिवारी रंगपंचमी. "उपवासकाळ नसता तर रंग खेळलो असतो" असे म्हणणाऱ्या ग्वाल्हेरच्या ख्रिस्ती माणसाला तशी होळी जन्मात मिळायची नाही. मग या भेटीला सामोरे कसे जायचे, एवढेच आपल्या हातात उरते.

ग्वाल्हेरचा हा ऋतू मोहाचा असतो हेही कबूल केले पाहिजे. नाताळच्या सुमारास इथला मेळा भरतो आणि फेब्रुवारी सरता सरता उठतो. १९०५ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी तो सागरतालला जनावरांचा बाजार म्हणून सुरू केला. आज तिथे गाड्या खरेदीला झुंबड उडते. आमच्या मुलांना मेळा म्हणजे झुले आणि ताटाएवढे पापड. काही वर्षी मेळ्याचे शेवटचे दिवस आणि राखेचा बुधवार एकमेकांत मिसळतात, आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन झुल्याच्या रांगेत उभी राहिलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. त्यांना आम्ही कधी हटकले नाही. पुढे थंडी ओसरते, गजक खाणे संपते, शहराबाहेर पळस फुलतो. इथे त्याला टेसू म्हणतात, आणि जुन्या घरांत अजून त्या फुलांचा रंग काढतात. आपला झावळ्यांचा रविवारही इथे नावापुरताच झावळ्यांचा आहे. नारळ कुठून आणणार? आम्ही खजुरीची पाने आणतो. यरुशलेमच्या लोकांच्या हाती तीच होती, तेव्हा याबाबतीत कोकणापेक्षा आम्हीच शास्त्राला धरून आहोत.

आता दोनशे वर्षे मागे जाऊ. १८०९ साली दौलतराव शिंद्यांची छावणी राजस्थानात फिरत होती. लश्कर वसायला अजून एक वर्ष होते. ब्रिटिश रेसिडेंटच्या रक्षकदलाचा अधिकारी थॉमस ब्राउटन त्या छावणीत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्यात शिंद्यांच्या दरबारातल्या होळीचे वर्णन आहे. पाहुणे पांढरे कपडे घालून गेले. महाराजांनी आधी गुलाबदाणीतून थोडे लाल-पिवळे पाणी शिंपडले, रीतीप्रमाणे. मग अबीर उधळायला सुरुवात झाली. शिंगाड्याच्या पिठाला रक्तचंदनाचा रंग देऊन तो करतात, अशी माहितीही ब्राउटन देतो. महाराजांवर रंग टाकायचा नाही असा दरबारी शिष्टाचार होता. पण महाराज आमच्यावर टाकणार असतील तर आम्हीही टाकू, असे पाहुण्यांनी आधीच कळवले होते. महाराजांनी समोर कापड धरायला लावले, तरी त्यावरून दोन-तीन ताटे अबीर आलाच. तेव्हा त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी आग विझवायचा मोठा बंब मागवून पिवळ्या पाण्याचा मारा सुरू केला!

आम्ही त्या वर्षीची तारीख काढून पाहिली. १८०९ मध्ये ईस्टर २ एप्रिलला होते. म्हणजे ही सगळी गोरी मंडळी भर उपवासकाळात नखशिखांत पिवळी झाली.

ते पाहुणे होते, परके होते, असे कोणी म्हणेल. पण शिंद्यांच्या पदरी तेव्हा आपल्याच श्रद्धेचे एक घराणे होते, ते फिलोसांचे. मायकल फिलोस हा नेपल्सचा माणूस महादजींच्या चाकरीत आला. त्याचा मुलगा जाँ बाप्तिस्त फिलोस इथेच वाढला आणि दौलतरावांच्या कवायती पायदळाचा सेनानी झाला. अशा पलटणींना तेव्हा कंपू म्हणत. लश्करातल्या आजच्या कंपू वस्तीच्या नावात तो शब्द उरला आहे. पुढे त्याच घराण्यातल्या सर मायकल फिलोस यांनी १८७४ मध्ये पुरा झालेला जयविलास राजवाडा बांधला. कित्येक पिढ्या हे कॅथलिक कुटुंब मराठी दरबाराचे मीठ खाऊन राहिले. दरबारात दसरा होई, शिमगा होई, आणि सेनापतीने दरबारात हजर राहायचे असते. घरी परतल्यावर ते लोक क्रूसासमोर गुडघे टेकत असतील तेव्हा बोटांच्या पेरांत थोडा अबीर राहिला असेल, असे आम्ही मनात चित्र काढतो. हे चित्र आमचे आहे, त्याला कागदाचा पुरावा नाही. पण ग्वाल्हेरच्या मातीत ख्रिस्ती श्रद्धा पहिल्यांदा रुजली ती या अशा माणसांच्या घरांत, होळीपासून लांब असलेल्या एखाद्या मठात नव्हे.

दुसरी वाट गोव्याने दाखवली, आणि तीही आपलीच आहे. १७३६ मध्ये तिथल्या धर्मन्यायालयाने काढलेला आदेश वाचला की आजही अंगावर काटा येतो. नवख्रिस्ती घरांनी लग्नात ओव्या म्हणू नयेत, अंगणात तुळस लावू नये, एकादशीला उपाशी राहू नये, पुडवें-चोळी नेसू नये. लोकांनी भीतीपोटी काही सोडले, काही दाराआड चालू ठेवले. गंमत अशी की वसंतातला खेळ काही मेला नाही. उपवासकाळाच्या तोंडावर इंत्रुज येतोच, आणि चांदोरचे ख्रिस्ती गावकरी त्या दिवसांत हाती मुसळे घेऊन अजूनही मुसळखेळ करतात. त्याच आदेशाच्या शंभरावर वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण ओवी छंदातच छापले गेले होते आणि चर्चमधून वाचले जात होते. ज्या ओवीत प्रभूची कथा गायली, ती ओवी लग्नात म्हटली म्हणून गुन्हा! आमच्या वडीलधाऱ्यांच्या त्या एका वाक्यात १७३६ चा थोडा अंश होता, असे आम्हांला वाटते. ते मनाने प्रेमळ आहेत आणि प्रभूच्या दुःखाबद्दलची त्यांची कळकळ खरी आहे. तरीही.

ख्रिस्तसभेने पुढे स्वतःच वाट बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज स्वीकारला आणि लोकांच्या भाषेला व रीतींना दार उघडले. १९६९ मध्ये भारतासाठी बारा मुद्दे मान्य झाले. आज मिस्सामध्ये आपण आरती करतो, समई लावतो, हात जोडून नमस्कार करतो, ते त्यामुळे. ज्या जागरणासाठी आम्ही लाकडे रचत होतो तेही १९५१ पूर्वी रात्री होत नसे. नवा अग्नी शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात पेटवीत. बाराव्या पायसने ते पुन्हा रात्री आणले. रीत बदलते, हे आमच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

सगळेच सारखे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. होलिकेची आग वेगळी, पाश्खाच्या मेणबत्तीची ज्योत वेगळी, आणि मुलांना तो फरक नीट शिकवणे हे आमचे काम आहे. उपवासकाळात भांग पिऊन धिंगाणा घालणे कुणाच्याच धर्मात बसत नाही. पण शेजारणीने प्रेमाने लावलेला रंग हा धिंगाणा नव्हे. ग्वाल्हेरला ढोलीबुवांच्या मठाची कीर्तनपरंपरा आहे. तानसेन समारोहाची सुरुवात अजूनही त्या मठाच्या हरिकथेने आणि मिलादने होते. तसेच कीर्तन रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी प्रभूच्या चरणी वाहिले. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांची भजने आमच्या वर्गात मुले तोंडपाठ म्हणतात. टिळकांनी टाळ-वीणा टाकून दिली असती तर आपण काय गायलो असतो?

पाडव्याचेही असेच. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला, उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी आला. त्या रविवारी धर्मगुरू गुलाबी वस्त्रे घालतात, तो आनंदाचा रविवार. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला. दोन्ही दिवशी आमच्या मराठी घरांत श्रीखंड-पुरी झाली, कुणाला अपराधी वाटले नाही. काहींनी कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खाल्ली. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाच्या कोकऱ्याबरोबर कडू भाजी खायला सांगितली आहे, हे मुलांना सांगायला याहून सोपी संधी कुठली?

आता त्या मुलीविषयी. २०२४ च्या ईस्टरच्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो. ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आजींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मास्तर, रंग तिच्या तोंडाला लागला होता. धुतला असता की. तुम्ही मात्र तिला एकटी उभी केलीत." आम्ही माफी मागितली, आजींची, आणि दाराकडे बघत तिचीही. वर्गात ती परतायला सात महिने लागले.

२०२७ मध्ये फाल्गुनी पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. पुन्हा एकच चंद्र, पुन्हा पवित्र सप्ताहात रंग. आम्ही आत्ताच ठरवले आहे की चर्चच्या नळाजवळ दोन बादल्या, साबण आणि स्वच्छ टॉवेल ठेवायचे. जो रंगलेला येईल त्याने हात-तोंड धुवावे आणि आत यावे. लाकडे रचण्याचे काम या वेळी त्याच वडीलधाऱ्यांनी मागून घेतले आहे. मराठी वाचनाची परवानगीही मिळाली आहे. तिसरे वाचन, निर्गम, अध्याय १४, समुद्र दुभंगून लोक पार होतात ते. यादीत त्यापुढे तिचेच नाव आहे. तिने ते स्वतःच्या हाताने लिहिले, आणि सरावाला कधी यायचे असे विचारले.