पर्णनासिक वटवाघळे : दख्खनमधील अभ्यास

हिप्पोसिडेरिडी या कुलातील वटवाघळांच्या नाकावर पानासारखा मांसल पडदा असतो, त्यावरून त्यांना हे नाव मिळाले. आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या उष्ण प्रदेशांत आढळणारी ही लहान, कीटकभक्षक वटवाघळे असून महाराष्ट्रात गुहा, जुने किल्ले व देवळे ही त्यांची वसतिस्थाने होत. लोकभाषेत लहान वटवाघळांना सरसकट ‘पाकोळी’ म्हणतात. एका पक्ष्याचेही तेच नाव असल्याने घोटाळा होतो.

दख्खनमधील या प्राण्यांची महत्त्वाची आरंभीची नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) याची आहे. खडकीच्या लढाईत (१८१७) कंपनीच्या बाजूने लढलेल्या या अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्यास नेमले. जमीन, पिके व लोकसंख्या यांच्या नोंदींबरोबर त्याने प्राण्यांचे नमुनेही जमविले. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने १८३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या सस्तन प्राण्यांच्या यादीत ‘ऱ्हायनोलोफस डुखुनेन्सिस’ हे वटवाघूळ आहे. नालनासिक वटवाघळांचा व यांचा भेद तेव्हा रूढ नव्हता; हिप्पोसिडेरॉस ही प्रजाती जॉन एडवर्ड ग्रे याने त्याच वर्षी स्थापिली. पर्णनासिकांच्या पायाच्या प्रत्येक बोटात दोनच पेरी असतात. नालनासिकांत अंगठा सोडून इतर बोटांत तीन असतात.

साइक्सने दिलेले नाव मात्र टिकले नाही. त्याच जातीला श्नायडर याने १८०० मध्येच ‘स्पीओरिस’ हे नाव दिले होते व अग्रक्रमाच्या नियमाने तेच ग्राह्य ठरले. साइक्सनेच नाव दिलेल्या कोळसुंद्याच्या उपजातीत ‘डुखुनेन्सिस’ अद्याप आढळते. नाव गेले तरी स्थळकाळ निश्चित करणारी ही नोंद मोलाची आहे.

डॉब्सन याचा १८७६ चा ग्रंथ मुख्यतः संग्रहालयांतील नमुन्यांवर आधारलेला होता. जिवंत वटवाघळांच्या सवयींकडे विसाव्या शतकात लक्ष गेले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंद्रे ब्रोसे याचे मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळांवरील लेख १९६२–६३ मध्ये मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण व त्यांचे सहकारी यांनी वटवाघळांच्या प्रजननाचा व भ्रूणविज्ञानाचा अभ्यास केला. मादीला एका वेळी एकच पिलू होत असल्याने उद्ध्वस्त झालेली वसाहत पुन्हा भरण्यास वर्षे लागतात. किल्ल्याची किंवा देवळाची डागडुजी करताना अंधाऱ्या खोलीचे तोंड बुजविले, तर वास्तू वाचते, पण वसाहत नाहीशी होते.