कोतवाल बुकातली मुलगी

माझ्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४५ आहे. फॉर्म भरणाऱ्याने विचारलं, आजीने ‘काय माईत बाप्पा’ म्हटलं, त्याने अंदाजाने वर्ष टाकलं आणि दिवस-महिना नेहमीचा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. याला आम्ही डीफॉल्ट व्हॅल्यू म्हणतो. आजी डीफॉल्ट व्हॅल्यूवर जगतेय हे मला खटकलं, म्हणून चार दिवस सुट्टी टाकून पुसदला गेलो.

पहिली चूक म्हणजे मी थेट कपाटं उघडायच्या तयारीने गेलो. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: त्या वर्षी आपलं गाव कोणाच्या राज्यात होतं? वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. पुसद तालुका १९०५ पर्यंत यवतमाळात नव्हताच, वाशीम जिल्ह्यात होता. आणि पैनगंगेपलीकडे थेट निजामाचं राज्य, १९४८ पर्यंत. तिथले कागद वेगळे, फसली सनातले. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं. आजीचं माहेर नदीच्या अलीकडे, म्हणून मी वाचलो.

अलीकडच्या गावांसाठी खरा खजिना म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू सांगायचा, त्याची ही नोंदवही. आता ती तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. अर्जात गाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे वर्षं लागतात. ‘सगळं दाखवा’ असा अर्ज करू नका, कोणीही वैतागेल.

वर्षाचा अंदाज कसा काढायचा? म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. आजी म्हणाली, “रझाकाराच्या धाकानं नदीपल्याडचे पाव्हणे आमच्या घरी आले, तवा मी डोक्यावर गुंड घेऊन पानी आनत होती.” म्हणजे १९४८च्या आसपास आठ-दहा वर्षांची. मी १९३६ ते १९४२ मागितलं.

अभिलेख कक्षाबाहेर जी रांग असते, ती माझ्यासारख्या हौशी लोकांची नसते. जात पडताळणीसाठी लोक येतात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आधीचा. माझ्या पुढे एक बाप उभा होता, मुलीची कॉलेजची सीट अडकलेली. माझा नंबर आल्यावर मी त्यांना पुढे जाऊ दिलं. तुम्हीही द्या.

सोबत पेन्सिल आणि वही ठेवा. पानं चुरा होतात, थुंकी लावून उलटू नका. मोबाइलने फोटो काढण्याआधी विचारा. पुढे उपयोग असेल तर फोटोपेक्षा शिक्क्याची नक्कल मागा. जुनी पानं मोडीत असतात. सगळी मोडी शिकायची गरज नाही. आपलं आडनाव आणि गावाचं नाव मोडीत कसं दिसतं तेवढं कोणाकडून लिहून घ्या. पान सापडलं की मग जाणकाराकडे जा. आमची पानं सुदैवाने बालबोधमध्ये होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पणजोबांचं नाव सापडलं. मार्च १९३७, मुलगी. नावाचा रकाना रिकामा. मी उडीच मारणार होतो, पण पानं उलटत राहिलो. १९३८ च्या मृत्यूंमध्ये पुन्हा पणजोबा: मुलगी, वय १ वर्ष, कारण ताप. आणि ऑगस्ट १९३९ मध्ये परत एक जन्म. मुलगी. नाव इथेही नाही.

पहिल्याच नोंदीवर थांबलो असतो तर मेलेल्या बहिणीचा जन्म आजीच्या नावावर लावून घरी गेलो असतो. म्हणून सांगतो, जन्म सापडला तरी पुढची पाच वर्षं मृत्यूंची पानं बघाच.

संध्याकाळी आजीला सांगितलं, तू १९३९ ची, म्हणजे कार्डापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ती हसली. मग मोठ्या मुलीचं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

“एक होती म्हणे माह्या आधी. माय कधीमधी सांगे,” ती म्हणाली. “तिचं नाव काय लिवलं हाय रे?”

मी सांगितलं, नाव दोघींचंही नाही.