बीएमडब्ल्यूची ई-९ कूपे

१९६८ साली बीएमडब्ल्यूने ई-९ मालिकेतली २८०० सीएस ही लांब पल्ल्याची आलिशान कूपे बाजारात आणली. तिची बॉडी ओस्नाब्रुकची कारमान कंपनी बनवत असे. दोन खिडक्यांच्या मध्ये खांब नाही. चारही काचा उतरवल्या की बाजू पूर्ण मोकळी होते. तिचे खरे सौंदर्य तिथेच आहे. १९७१ मध्ये ३.० सीएस आली. इंधन-इंजेक्शनच्या सीएसआयचे सहा सिलिंडरचे इंजिन २०० अश्वशक्ती देई. उत्पादन १९७५ मध्ये थांबले.

गंज हा या गाडीचा मोठा शत्रू. पुढच्या मडगार्डांच्या आत चिखल साचून पत्रा आतूनच सडतो. त्यामुळे विक्रीला आलेली गाडी कितीही चकचकीत असो, जाणकार आधी मडगार्डखाली बॅटरी मारून पाहतात; इंजिन नंतर.