औंढ्याची पंगत, दादरचं स्वयंपाकघर

औंढा नागनाथच्या देवळात नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. कारण गावातलं शेंबडं पोरही सांगतं. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जायला सांगितलं, ते गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नामदेव जातीने शिंपी होते, हे सांगणारा कधी जोर देऊन सांगतो, कधी गाळतो. मी इतिहास शिकवतो, तरी या कथेची तारीख शोधायच्या भानगडीत पडत नाही. यादवकालीन हेमाडपंती दगडांइतकीच ती मला उपयोगाची वाटते. आलेल्या माणसाला कुठे बसवायचं, हा प्रश्न तिच्यात आहे.

नामदेव इथे आले तेही शिकायला. परंपरा सांगते की गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी तपासली, नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं आणि मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांपाशी पोचले. आता वाट उलटी झाली आहे. इथली मुलं शिकायला बाहेर जातात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांतली बरीच मला एकच विचारतात: ‘सर, हॉटेल मॅनेजमेंटला जाऊ का?’ घरच्यांना वाटतं, चार वर्षं पैसे भरून पोरगा आचारी होणार. मुलांच्या डोळ्यांपुढे दुबई असते.

हा अभ्यासक्रम परदेशातून आला, असा दोघांचाही समज असतो. तो अर्धा खरा आहे. जगातली पहिली मानली जाणारी हॉटेल शाळा १८९३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला निघाली. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने हा विषय घेतला. आजही आपल्याकडच्या विद्यार्थ्याला फ्रेंच परंपरेतले पाच मूळ सॉस पाठ करावे लागतात. पण भारतात या शिक्षणाची सुरुवात पंचतारांकित हॉटेलाच्या दारात झाली नाही. ती धान्याच्या टंचाईत झाली.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशाला अन्न पुरत नव्हतं. कन्हैयालाल मुन्शी १९५० ते १९५२ केंद्रात अन्न व कृषिमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुन्शी गुजरातीतल्या नावाजलेल्या लेखिका. त्यांच्या पुढाकाराने महिलांची अन्न परिषद उभी राहिली, ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहं निघाली. तांदूळ-गव्हावरचा भार कमी व्हावा, दुसरे पदार्थ लोकांच्या ताटात यावेत, स्वस्त आणि सकस मिळावेत, हा विचार त्यामागे होता. याच परिषदेने १९५४ मध्ये मुंबईत संस्था काढली. दादरला आज जी उभी आहे तीच. तिच्या लांबलचक नावात हॉटेल मॅनेजमेंट आणि केटरिंग टेक्नॉलॉजीनंतर ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ असे दोन शब्द येतात. फलक वाचणाऱ्याची नजर तिथवर सहसा पोचत नाही.

याच्या चार वर्षं आधीची एक गोष्ट मला याहून मोठी वाटते. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात हॉटेल हा शब्द आहे. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही, असं ते कलम म्हणतं. घटनेत हॉटेल कशाला, असं एखाद्याला वाटेल. मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला वाटणार नाही. चहाच्या हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी त्याने पाहिलेली असते, किंवा स्वतः विसळून परत तिथेच ठेवलेली असते. तीर्थक्षेत्रांच्या धर्मशाळा आणि पंगती यांचं आपण कौतुक करतो. त्यात जेवण फुकट होतं, पण पान कुणाचं कुठे मांडायचं ते आधीच ठरलेलं असे, आणि चुलीपाशी कुणी जायचं तेही.

म्हणून हॉटेल मॅनेजमेंटच्या पांढऱ्या कोटाची थट्टा मला करवत नाही. वर्गात कुणाचाही मुलगा कणीक मळतो, कुणाचीही मुलगी सगळ्यांना वाढते, आणि परीक्षक चाखून गुण देतो. आपल्या गावांत हे सहज घडलेलं नाही.

घोटाळा पुढे झाला. १९८२ पर्यंत सरकारी हॉटेल-संस्था अन्न खात्याच्या छत्राखाली होत्या. त्या वर्षी त्या पर्यटन खात्याकडे गेल्या, राष्ट्रीय कौन्सिलही तेव्हाच आली. खातं बदललं तशी नजर बदलली. १९८९ मध्ये औरंगाबादेत मौलाना आझाद एज्युकेशनल ट्रस्ट आणि ताज समूह यांची संस्था सुरू झाली. वेरूळ-अजिंठ्याला येणारे परदेशी पाहुणे जवळ होते आणि पुढे इंग्लंडच्या हडर्सफील्ड विद्यापीठाची पदवीही तिथे मिळू लागली. १९९१ मध्ये राज्य सरकारने पुण्याला संस्था काढली. मराठवाड्याचं दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण फूड प्रॉडक्शन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग या चार खांबांवर जे घर उभं राहिलं, त्यात गिऱ्हाईक म्हणजे खोलीचं भाडं देणारा प्रवासी. श्रावणी सोमवारी औंढ्याला येणारा, रात्री मंडपात पथारी टाकणारा, वाकून तळघरातल्या पिंडीचं दर्शन घेऊन दुपारच्या एस.टी.ने परतणारा माणूस त्या घरात नाही.

खरं तर त्याला जेवू घालणं जास्त अवघड. नांदेडच्या हुजूर साहिबचा लंगर इथून तास-दीड तासावर आहे. तिथे रोज हजारो माणसं जेवतात, तीही एका ओळीत बसून. पीठ किती, डाळ किती, भांडी कोण घासणार, सेवेकऱ्यांच्या पाळ्या कशा, हे सगळं तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने आठ दिवस तिथे काम करावं, असं मी मुलांना सांगतो. ती हसतात. इंडस्ट्रियल ट्रेनिंगच्या दाखल्यावर हॉटेलाचं नाव लागतं, लंगराचं कसं लागणार?

आता औंढ्यात आणखी पाहुणे येणार आहेत. तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. जगभरचे शास्त्रज्ञ येतील, त्यांना राहायला जागा आणि बेताचं तिखट लागेल. त्या नोकऱ्या इथल्या मुलांना मिळाव्यात, हे मलाही वाटतं.

पण मला आधी भगर दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, कोष्टवाडीला, एकादशीच्या कार्यक्रमात भगर खाल्ल्यावर शेकडो माणसं आजारी पडली. मराठवाड्यात उपासाच्या दिवसांत अशा बातम्या पुन्हा पुन्हा येतात. दमट जागी साठवलेल्या भगरीला बुरशी लागते. हजार माणसांचं शिजवलेलं अन्न कोमट होऊन तासन्‌तास पडून राहिलं की त्यात जंतू वाढतात. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा धोक्याचा टप्पा, हे हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला तोंडपाठ असतं. भगर कुठून आली, कधी दळली, किती वाजता उतरवली, हे विचारायचंही त्याला शिकवलेलं असतं. महाशिवरात्रीला औंढ्यात गल्लोगल्ली फराळ वाटला जातो आणि तेव्हा ही मुलं पुण्या-मुंबईच्या बँक्वेटमध्ये ड्युटीवर असतात.

परवा एक मुलगी आली. तिला सप्टेंबरात प्रवेश घ्यायचा होता. मी तिला फीविषयी विचारलं, वसतिगृहाविषयी विचारलं, आणि मग विचारलं की तिच्या गल्लीत फराळाची भगर कोण शिजवतं. म्हणाली, ‘आमचे काका. थर्मामीटर घेऊन देऊ का त्यांना?’