दिनविशेष : ४ जुलै – लंडनकरांची रेशनमधून सुटका

१९५४ : दुसरे महायुद्ध संपून नऊ वर्षे झाली, तेव्हा कुठे ब्रिटनमधील अन्नधान्याचे रेशनिंग संपले. मांस आणि बेकन या शेवटच्या नियंत्रित वस्तू. लंडनचा स्मिथफील्ड मांसबाजार एरवी सकाळी सहाला उघडे. त्या रात्री बारालाच उघडला. गृहिणींनी ट्रॅफल्गार चौकात समारंभ केला.

८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी व साखरेपासून रेशनिंग सुरू झाले. माणशी एक रेशनबुक. ते ठरावीक दुकानदाराकडे नोंदवायचे आणि मिळेल तेवढ्यात घर चालवायचे. ऐन युद्धात खुला असलेला पाव उलट शांततेत, १९४६ ते १९४८ या काळात, रेशनवर गेला. गोळ्या-चॉकलेटे फेब्रुवारी १९५३ मध्ये खुली झाली, तेव्हा दुकानांपुढे पोरांची झुंबड उडाली. लढाई सहा वर्षे चालली. रेशनिंग मात्र चौदा वर्षे टिकले.